कंपनीला माझ्याकडून नेमकं काय हवं होतं

निवृत्ती वर्ष-दीड वर्षावर आली की फौजेतल्या अधिकाऱ्याचे फोन वाढतात. कोर्समेट विचारतात, "पुढे काय ठरवलंस?" आधी बाहेर पडलेले सीनियर बजावतात, "सीव्ही तयार ठेव." आणि मधूनच एखाद्या अनोळखी नंबरवरून कुणीतरी अदबीने म्हणतं, "सर, आमच्या एमडींना तुम्हाला एकदा भेटायचं आहे." मी तीन दशकांहून जास्त काळ तोफखान्यात काढला, २०२२ मध्ये ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालो आणि आज तोफांसाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत काम करतो. इथवर कसा आलो ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण आमच्यातले पुष्कळ जण याच वाटेने जातात आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने कुणी बोलत नाही. बाहेरचे सरसकट संशय घेतात, आतले सरसकट गप्प बसतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. निवृत्तीनंतर नोकरी करण्यात गैर काहीच नाही. लष्करात कर्नल ५४ व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. मुलांची शिक्षणं चालू असतात, अंगात ताकद असते, डोकं चालत असतं. दुसरीकडे खासगी उद्योगालाही आमची गरज आहे. शस्त्रनिर्मितीचं क्षेत्र खासगी कंपन्यांना २००१ मध्ये खुलं झालं, त्याआधी सगळं सरकारी कारखान्यांतच व्हायचं. २०२४-२५ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन दीड लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलं आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा २३ टक्के होता. या कंपन्यांकडे उत्तम इंजिनीअर आहेत, महागडी यंत्रं आहेत. पण रात्री दोन वाजता पावसात तोफेवर उभा राहिलेला माणूस त्यांच्याकडे नसतो. तो अनुभव त्यांनी विकत घ्यावा, यात देशाचंही भलं आहे.

प्रश्न एवढाच, की कंपनी खरोखर तो अनुभवच विकत घेते का?

पुनर्वसन महासंचालनालयाकडून, म्हणजे आम्ही ज्याला डीजीआर म्हणतो तिथून, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांमध्ये २४ आठवड्यांचा मॅनेजमेंटचा कोर्स असतो. मी तो केला. ताळेबंद वाचायला शिकलो, भाषा थोडी बदलली. "ब्रिगेड कमांड केली" या वाक्यातून कंपनीच्या एचआरला काहीच कळत नाही. किती माणसं, किती मालमत्ता, कोणते निर्णय स्वतःच्या सहीने घेतले, हे मांडावं लागतं. कोर्सचा तेवढा उपयोग नक्की झाला.

पहिलं बोलावणं एका मोठ्या कंपनीचं होतं. कर्नल असताना मी दिल्लीत लष्कर मुख्यालयात होतो. तोफा आणि दारूगोळा यांच्या गरजा कागदावर उतरवण्याचं काम माझ्या टेबलावरून जायचं. आमच्या भाषेत एसक्यूआर. नवं शस्त्र किती अंतर गाठणार, किती वजनाचं असणार, कोणत्या तापमानात चालणार, ही सैन्याची मागणी त्यात लिहिलेली असते. तिथून मग कंपन्यांकडून माहिती मागवणं, संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या डीएसीकडून, म्हणजे संरक्षण खरेदी परिषदेकडून, गरजेला मान्यता, आरएफपी म्हणजे कंपन्यांकडून रीतसर प्रस्ताव मागवणं, तांत्रिक छाननी, मैदानी ट्रायल, किमतीची बोलणी आणि शेवटी करार, अशी लांबलचक वाट असते. ज्या कंपनीने मला बोलावलं होतं, तिचा माल त्या वाटेवर कुठे ना कुठे होता. दिल्लीतली माझी पोस्टिंग संपून तीन वर्षांहून जास्त काळ लोटला होता. नियमाच्या दृष्टीने त्या पोस्टिंगची आडकाठी नव्हती.

मुलाखत कसली, गप्पाच होत्या. कौतुक झालं, पगाराचा आकडा सांगितला गेला, तो चांगला होता. मी विचारलं, "माझं काम काय असेल?"

समोरचे गृहस्थ हसले. "सर, काम विशेष नाही. महिन्यातून दोन-तीनदा दिल्ली. बाकी सगळं आमची टीम बघते." आणि थोडं थांबून, "साउथ ब्लॉकमध्ये, संरक्षण मंत्रालयात, आता तुमच्या ओळखीचे कोण कोण आहेत?"

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. त्यांना तोफखान्यातली माझी वर्षं नको होती, फोनमधले नंबर हवे होते. जी माणसं मला 'सर' म्हणतात, माझ्या हाताखाली वाढली, ज्यांचे गोपनीय अहवाल मी लिहिले, त्यांच्याकडे मी गेलो की त्यांना 'नाही' म्हणणं जड जावं, याचे पैसे मला मिळणार होते. मी चहा संपवला, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

मित्रांपैकी काहींना हा नकार अतिरेकी वाटला. "तू काही गैर करणार नव्हतास, मग अडचण काय?" असं एकाने विचारलं. माझी अडचण समजायला तोफखान्याचा अलीकडचा इतिहास माहीत हवा. मार्च १९८६ मध्ये बोफोर्सच्या ४१० तोफांचा करार झाला आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने दलालीचा आरोप केला. तोफ उत्कृष्ट होती, कारगिलमध्ये ते सगळ्या देशाने पाहिलं. पण त्या आरोपाची भीती फायलींवर अशी बसली, की नव्या १५५ मिलिमीटर तोफेचा पुढचा मोठा करार व्हायला २०१६ उजाडलं. तो अमेरिकेच्या हलक्या एम-७७७ तोफांचा, १४५ नगांचा. मग के-९ वज्र आली. म्हणजे मी लेफ्टनंट असताना जी तोफ नवी होती, तीच माझ्या जवळजवळ संपूर्ण नोकरीत सर्वांत आधुनिक राहिली. मधल्या काळात किती ट्रायल झाल्या, रद्द झाल्या, कंपन्या काळ्या यादीत गेल्या, मागणी पुन्हा पहिल्यापासून लिहिली गेली. हे सगळं मी आतून पाहिलंय. २००१ मध्ये वेस्ट एंड नावाच्या खोट्या कंपनीचे प्रतिनिधी बनून गेलेल्या पत्रकारांच्या छुप्या कॅमेऱ्यांत गणवेशातली माणसं पैसे घेताना दिसली, तेव्हा आम्ही मेसमध्ये मान खाली घालून ते पाहिलं. खरेदीवरचा विश्वास एकदा उडाला, की त्याची किंमत सीमेवरची तोफ भोगते. त्यामुळे "मी काही गैर करणार नाही" एवढं मला पुरेसं वाटत नाही. मी गेल्यामुळे निर्णय घेणाऱ्याच्या मनात किंतु येऊ नये, हेही मला सांभाळायला हवं.

दुसरी कंपनी मध्यम आकाराची. मुलाखतीला एमडी होते, एचआरच्या बाई होत्या आणि एक मुख्य इंजिनीअर. त्या इंजिनीअरने नमस्कार झाल्या झाल्या एक हातात मावणारं यंत्र टेबलावर ठेवलं. फ्यूज सेटर. तोफेच्या गोळ्याच्या टोकाला फ्यूज असतो. गोळा कधी फुटायचा, जमिनीवर आदळून की हवेतच ठरावीक क्षणी, हे तो ठरवतो. इलेक्ट्रॉनिक फ्यूजमध्ये ती वेळ अशा यंत्राने भरतात.

"सर, यात काय चुकतंय ते सांगा," तो म्हणाला.

मी यंत्र हातात घेतलं. हलकं होतं, रबराची पकड छान होती. बटणं मात्र नखाएवढी. मी विचारलं, "उणे वीस अंशात हे चालवून पाहिलंय?"

"चेंबरमध्ये उणे चाळीसपर्यंत पाहिलंय, सर."

"चेंबरमध्ये यंत्र होतं. माणूस होता का?"

तो गप्प झाला. मी त्याला लडाखमधला हिवाळा सांगितला. आतला लोकरी हातमोजा, त्यावर जाड बाहेरचा, आणि त्या दोन्हींतून अंगठ्याला बटण लागतच नाही. मोजा काढून उघड्या हाताने थंड लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते. बॅटरी थंडीत निम्म्या वेळात मान टाकते, म्हणून जवान ती शर्टाच्या आत, छातीशी ठेवतात. मग ती काढायला-बसवायला सोपी हवी, स्क्रू नकोत. १९९९ मध्ये द्रासला माझी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, तैनात होती. तेव्हा फ्यूज चावीने फिरवून लावायचे, टॉर्चच्या अंधूक उजेडात आकडे वाचून. दिवस-रात्र फायर चालू, माणसं उभ्या-उभ्या पेंगलेली. अशा माणसाच्या हातात कोणतं यंत्र द्यायचं, याचा विचार करायला हवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

तो इंजिनीअर वहीत लिहून घेत होता. तास-दीड तास गेला असेल. एमडींनी शेवटी विचारलं, "आमच्याकडे याल का?" साउथ ब्लॉकचं नावही निघालं नाही. मी तिथेच होकार दिला, परवानगी मिळाली तर या अटीवर.

ही परवानगी काय असते, याबद्दल फौजेतल्या अधिकाऱ्यांमध्येही फार अर्धवट माहिती आहे. वरिष्ठ हुद्द्यावरून निवृत्त झाल्यापासून एक वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी घ्यायची, तर सरकारची आगाऊ परवानगी लागते. अर्ज मुख्यालयामार्फत संरक्षण मंत्रालयाकडे जातो. परवानगीशिवाय रुजू झालात तर पेन्शनवर गदा येऊ शकते. नागरी अधिकाऱ्यांच्या पेन्शन नियमांतही हीच चौकट आहे आणि तिचे निकष वाचण्यासारखे आहेत. शेवटच्या तीन वर्षांत त्या कंपनीच्या हिताशी थेट जोडलेली संवेदनशील माहिती तुमच्या हाताखालून गेली का? तुमच्या कार्यालयाची धोरणं आणि कंपनीचं हित यांत संघर्ष आहे का? सेवेचा रेकॉर्ड स्वच्छ आहे का? कंपनी देशाच्या सुरक्षेला बाधक असं काही करते का? आणि देऊ केलेला पगार त्या उद्योगातल्या चालू पगारांपेक्षा फारच जास्त तर नाही? हा शेवटचा निकष मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कामाच्या मानाने पगार अवाच्या सवा असेल, तर तो दुसऱ्याच कशासाठी तरी दिला जातोय.

कित्येकांचा समज असतो, की कन्सल्टंट म्हणून गेलं तर नियम लागू होत नाही. मलाही तसा सल्ला मिळाला, "परवानगी येईपर्यंत सल्लागार म्हणून ये, पगारपत्रकावर नाव नको." सेवेत असताना मिळालेल्या माहितीच्या जोरावर स्वतःचा सल्लागाराचा व्यवसाय सुरू केला, तरी नियमांच्या लेखी ती व्यावसायिक नोकरीच आहे. ज्यांना कुणी असं सुचवेल, त्यांनी आधी नियम काढून वाचावा.

दुसरा सल्ला याहून सर्रास मिळतो. "एक वर्ष थांब. त्यानंतर कुणी विचारत नाही." हे खरं आहे. वर्ष उलटलं की परवानगीची गरज उरत नाही. मी थांबलो नाही, कारण मला माझं नाव, कंपनीचं नाव आणि कामाचं स्वरूप सरकारच्या फायलीत लेखी हवं होतं. उद्या कुणी बोट दाखवलं तर ते कागद बोलतील.

कंपनीने जे पत्र तयार केलं, त्यात कामाच्या वर्णनात 'युझर लायझन', म्हणजे माल वापरणाऱ्या सैन्याशी संपर्क, असा शब्द होता. एचआरच्या बाई म्हणाल्या, "सर, हे आमचं नेहमीचं फॉरमॅट आहे. सगळ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या पत्रात असतं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण 'लायझन' या गोंडस शब्दाखाली काहीही बसवता येतं. मी तो काढायला सांगितलं आणि त्या जागी उपकरणाची चाचणी, वापराच्या दृष्टीने रचनेत सुधारणा आणि जवानांसाठी प्रशिक्षण साहित्य, असं लिहून घेतलं. शिवाय एक कलम घालून घेतलं, की माझ्या हाताखाली काम केलेला अधिकारी ज्या ट्रायलमध्ये किंवा खरेदी समितीत असेल, तिथे मी कंपनीची बाजू मांडणार नाही. एमडींनी वाचलं, क्षणभर विचार केला आणि सही केली. दिल्लीतल्या पोस्टिंगचा काळ तीन वर्षांच्या बाहेर होता, तरी त्याबद्दल एक पान मी अर्जाला स्वतःहून जोडलं.

मग वाट पाहणं. फाईल कुठे आहे हे विचारायला माझ्या एका फोनवर काम झालं असतं. तोच फोन करायचा नाही म्हणून तर पहिली नोकरी नाकारली होती, त्यामुळे तो केला नाही. यथावकाश परवानगीचं पत्र आलं.

नियमाबद्दल माझं मत इथेच सांगतो. अमेरिकेत ही ये-जा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने, जीएओने, २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१९ साली संरक्षण क्षेत्रातल्या १४ बड्या कंपन्यांत संरक्षण खात्यातले १,७१८ माजी वरिष्ठ आणि खरेदीशी संबंधित अधिकारी काम करत होते. तिथे तीन आणि चार तारे असलेल्या जनरलना निवृत्तीनंतर दोन वर्षं, आणि एक-दोन तारे असलेल्यांना एक वर्ष, संरक्षण खात्याकडे लॉबिंग करायला कायद्याने बंदी आहे. त्या कायद्यातून पळवाटा निघतातच, पण त्याची दिशा मला पटते. माणूस कुठे नोकरी करतो याऐवजी तो तिथे बसून काय करतो, यावर बोट ठेवलेलं आहे. आपल्याकडे एक वर्ष नोकरीला परवानगी लागते आणि त्यानंतर कशालाच लागत नाही. वर्ष संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी आपल्या जुन्या कार्यालयात कंपनीची फाईल घेऊन जाऊन बसला, तर त्याला अडवणारा नियम नाही. ओळखी काही वर्षभरात शिळ्या होत नाहीत. मी ज्यांचे अहवाल लिहिले ते अधिकारी अजून कितीतरी वर्षं सेवेत असणार आहेत आणि वर चढत जाणार आहेत. मला वाटतं, वर्षभरानंतर नोकरीला परवानगी लागली नाही तरी चालेल, पण ज्या खात्यात काम केलं त्या खात्याशी कंपनीच्या वतीने बोलण्यावर पाच वर्षं तरी बंदी हवी. याने माझ्यासारख्या कुणाची रोजीरोटी बुडत नाही.

रुजू झाल्यावर पहिलं काम व्हिजिटिंग कार्डाचं निघालं. छापून आलेल्या कार्डावर माझ्या नावाआधी ठळक अक्षरांत 'ब्रिगेडियर' होतं. तो हुद्दा मी कमावलेला आहे आणि निवृत्तीनंतरही तो लावायचा मला अधिकार आहे. तरी ज्या कार्डाने मी सैन्यातल्या अधिकाऱ्यांसमोर कंपनीचा माणूस म्हणून उभा राहणार, त्यावर तो नको वाटला. समोरचा मेजर ते कार्ड वाचून ताठ उभा राहतो, आणि मग बोलणं बरोबरीचं राहत नाही. नवीन कार्डावर नुसतं नाव आणि कामाचं स्वरूप आहे.

पुढच्या उन्हाळ्यात आमचा सेटर पोखरणला ट्रायलला गेला. या ट्रायल एनसीएनसी तत्त्वावर असतात, म्हणजे कंपनीने आपल्या खर्चाने माल आणायचा आणि सरकार काहीही घ्यायला बांधील नाही. छोट्या कंपनीचा जीव त्यात मेटाकुटीला येतो. माणसं, सुटे भाग, गाड्या, राहणं, सगळं पदरचं. आणि शेवटी सगळ्यांत स्वस्त पात्र बोलीदाराला काम. ट्रायल टीमचं नेतृत्व करणारा कर्नल एकेकाळी माझा ॲडज्युटंट, म्हणजे रेजिमेंटच्या कारभारातला मदतनीस अधिकारी, होता, हे तिथे पोचायच्या आधीच कळलं. कंपनीने लेखी कळवलं, की मी तांत्रिक मदतीपुरता हजर असेन, चर्चेत नसेन. मी कंपनीच्या तंबूतच बसलो.

तो भेटायला आला. "जय हिंद, सर. तब्येत काय म्हणते?" हात मिळवला, घरच्यांची चौकशी झाली, आणि तो कामाला निघून गेला. मला बरं वाटलं.

दुपारी अडचण आली. मे महिन्याचं ऊन, वाळूवरून येणारी झळ आणि चकाकी, यात सेटरचा पडदा एका विशिष्ट कोनातून वाचताच येईना. जवान यंत्र स्वतःच्या सावलीत धरून आकडे पाहू लागले. कर्नलने ती उणीव नोंदवून घेतली. आमचा सेल्सचा तरुण मुलगा घामाघूम होऊन तंबूत आला. "सर, 'मायनर' म्हणून लिहिलं तरी चालेल. तुम्ही एक शब्द टाकलात तर..."

मी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. ती नोंद खरी होती. पडदा न दिसल्यामुळे आकडा चुकला, तर गोळा आपल्याच माणसांच्या डोक्यावर फुटू शकतो. माझ्याच हाताखाली तयार झालेल्या अधिकाऱ्याने माझ्या कंपनीची चूक जशीच्या तशी लिहिली, याचा मला अभिमान वाटला आणि मी तो त्या मुलाला बोलून दाखवला. पुण्याला परत आल्यावर पडदा बदलला. खर्च वाढला, किंमत वाढली, एमडींच्या कपाळावर आठ्या आल्या. तरी बदलला.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे लिहायला बसलो, ती.

कंपनीच्या गेटवर डीजीआरच्या यादीतल्या एका सिक्युरिटी एजन्सीचे गार्ड आहेत, सगळे माजी सैनिक. त्यांतले एक रोज गाडी थांबवून नियमाप्रमाणे डिकी तपासायचे. "जय हिंद, साहेब." एकदा उतरून विचारलं, कुठल्या रेजिमेंटचे? माजी हवालदार, मीडियम रेजिमेंट, तोफेचे नंबर वन. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, नंबर वन म्हणजे एका तोफेचा प्रमुख. तोफेवरच्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक हालचालीची जबाबदारी त्याची. मी आयुष्यभर तोफांना हुकूम दिले. हा माणूस आयुष्यभर तोफ चालवत आला होता.

एमडींना विचारून मी त्यांना टेस्ट शेडमध्ये आणलं. त्यांनी सेटर उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "साहेब, रात्री हा लावला तर याचा उजेड समोरच्या डोंगरावरून दिसेल." इंजिनीअरने मंद प्रकाशाची सोय दाखवली, तर ती तिसऱ्या मेन्यूत होती. "एवढं शोधायला वेळ कुठला?" मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि पुढचं जे बोलले, ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. "आमच्याकडे एक जण आकडा ओरडतो, दुसरा लावतो, लावून परत ओरडतो, आणि तिसरा बघून 'बरोबर' म्हणतो. यात मी काय भरलं ते फक्त मलाच दिसतंय. दुसऱ्याने तपासायचं कसं?"

शेडमध्ये शांतता पसरली. यंत्र व्यवस्थित चालत होतं, पण त्याने तोफेवरची परस्परांना तपासायची जुनी पद्धत मोडली होती. गोळ्यात भरलेला आकडा बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही वाचता यावा, अशी रचना त्यानंतर झाली. कंपनीने सेटरमध्ये केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल हा, आणि तो गेटवरच्या माणसाने सुचवला.

त्यांना टेस्ट टीममध्ये घ्या, असं मी एचआरला सांगितलं. उत्तर आलं, "सर, पद डिप्लोमा किंवा पदवीचं आहे." लष्कराचं समकक्ष प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, ते कंपनीच्या यादीत बसत नव्हतं. मी म्हणालो, "मला घेताना तुम्ही माझं एकही प्रमाणपत्र मागितलं नाहीत." हे मी रागाने म्हणालो नव्हतो, पण त्याचा त्यांनी विचार करावा असं मला मनापासून वाटत होतं. तीन दशकांचा अनुभव हवा म्हणून ब्रिगेडियरला केबिन देतात, आणि यंत्र ज्यांच्या हातात जाणार आहे त्या हातांचा अनुभव गेटवर उभा ठेवतात. खासगी संरक्षण कंपन्यांच्या वेबसाइट पाहा, सल्लागार मंडळांवर जनरल, ॲडमिरल, एअर मार्शल दिसतील. सुभेदार, हवालदार किती दिसतात? दरवर्षी हजारो जवान चाळिशीच्या आत-बाहेर निवृत्त होतात. गन फिटर, रडार चालवणारे, टँकचे ड्रायव्हर, क्षेपणास्त्रांचे तंत्रज्ञ. उद्योगाला वापरणाऱ्याचं ज्ञानच हवं असेल, तर रांग यांच्या दारात लागायला हवी. ती फक्त मोठ्या हुद्द्यांच्या दारात लागते, म्हणून लोकांना संशय येतो. आणि हा संशय मला गैरवाजवी वाटत नाही.

एमडींनी शेवटी पात्रतेचा नियम बदलला. 'किंवा सैन्यातला संबंधित शस्त्रावरचा पंधरा वर्षांचा अनुभव' असा एक ओळीचा पर्याय त्यात आला. हवालदार आता टेस्ट टीममध्ये आहेत, आणि त्यांच्यामागून एक माजी गन फिटरही आला आहे.

निवृत्तीच्या वाटेवरचे अधिकारी हल्ली मला फोन करतात. त्यांना मी सांगतो, पगाराआधी कामाचं वर्णन मागा, ते लेखी घ्या, आणि त्यातून तुमच्या ओळखी वजा करून काय उरतं ते पाहा. काही उरत नसेल, तर ती नोकरी तुमच्यासाठी नाही. आणि ज्या कंपनीत जाल, तिथे तुमच्या हाताखालच्या जेसीओंना, म्हणजे सुभेदारांसारख्यांना, आणि हवालदारांना जागा आहे का, हेही मुलाखतीत विचारा. उत्तर ऐकून कंपनी कशी आहे ते कळतं.

या हिवाळ्यात सेटरची पुढची चाचणी लडाखमध्ये आहे. कंपनीकडून जाणाऱ्यांच्या यादीत हवालदारांचं नाव पहिलं आहे, माझं नाही. प्रवासाच्या मंजुरीत त्यांच्यासाठी गार्डच्या दर्जाचा जुनाच भत्ता लागला होता. तो इंजिनीअरांच्या बरोबरीने करून घेतला आणि त्या कागदावर मी सही केली.